दापोलीला तीन दिवस: मुक्काम कर्द्याला की मुरुडला?

सागरगोटी | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात, म्हणजे फेब्रुवारीत, शुक्रवार ते रविवार दापोलीला जायचं घाटतंय. पुण्याहून, आपल्याच गाडीने. आम्ही दोघं, सात वर्षांचं एक वादळ आणि सासूबाई. सासूबाई ७४ वर्षांच्या. काठी घेऊन सपाटीवर बऱ्यापैकी चालतात, पण डाव्या गुडघ्यामुळे वाळूत पाय रुतला की संपलं. मागे एकदा समुद्रावर नेलं होतं तेव्हा त्या दोन तास गाडीत बसून होत्या आणि आम्ही लांबून हात हलवत होतो. परत तसं करायचं नाही.

नवऱ्याने यादी केली आहे: मुरुड, कर्दे, लाडघर, हर्णै, सुवर्णदुर्ग, कड्यावरचा गणपती, केळशी, वेळास, दाभोळ, पन्हाळेकाजी आणि "वेळ उरला तर" गुहागर. तीन दिवसांत. मी ती यादी फ्रीजवर लावली आहे आणि रोज एक नाव खोडते.

राहायचं दापोलीतच की किनाऱ्यावर? सासूबाईंना अगदी पाण्यापाशी नेता येईल असा किनारा कुठला? त्या शाकाहारी, नवरा मासेखाऊ, तेव्हा जेवणाचं काय? आणि मुरुडहून जंजिऱ्याला जायची होडी किती वाजता सुटते?

निवांत | सोमवार, रात्री ९:५८

वाचतोय. आमचंही ठरतंय.

आगरवाला | सोमवार, रात्री १०:३१

ताई, शेवटचा प्रश्न आधी. होडी सुटते, पण ती दुसऱ्या मुरुडहून. जंजिरा आहे ते मुरुड रायगड जिल्ह्यातलं. आमचं मुरुड रत्नागिरी जिल्ह्यात, दापोली तालुक्यात. मध्ये राजपुरीची आणि बाणकोटची अशा दोन मोठ्या खाड्या आहेत. दर सीझनला एक तरी कुटुंब आमच्या बेड्यापाशी (फाटकापाशी) गाडी थांबवून "किल्ला कुठाय?" विचारतं. मी सुवर्णदुर्गाकडे बोट दाखवतो. किल्ला तो किल्ला.

(आगरवाला हे आडनाव नव्हे. नारळी-पोफळीचं आगर आहे, म्हणून.)

दापोली गावाला समुद्र नाही हेही सांगून ठेवतो. गाव वर पठारावर. १८१८ नंतर इंग्रजांनी तिथे छावणी केली ती हवा थंड म्हणून, त्यावरून जुनी माणसं अजून 'कॅम्प दापोली' म्हणतात. समुद्र गाठायला घाट उतरून दहा-पंधरा किलोमीटर यावं लागतं. तेव्हा आजी बरोबर असतील तर मुक्काम खालीच करा. दिवसातून दोनदा त्या वळणांवरून चढउतार कशाला?

किनाऱ्यांबद्दल थोडक्यात. लाडघर दापोलीहून सगळ्यात जवळचं, पण तिथे बारीक तांबूस गोटे फार. पाणी त्यामुळे तांबडं दिसतं, तामसतीर्थ म्हणतात ते हेच. दिसायला झकास, काठीवाल्या माणसाला वाईट. कोळथरे शांत. आंजर्ले लांबलचक, सुरूचं बन आहे. मुरुड आणि कर्दे एकमेकांना लागून, सपाट आणि रुंद. तुम्हाला या दोन्हींतलं कुठलंही चालेल.

मात्र कुठली पुळण निवडता याहून तिथे किती वाजता जाता हे बघा. भरतीला गेलात तर हाताशी फक्त वरची कोरडी, भुसभुशीत, उतरती वाळू राहते. आजी त्यात चार पावलं जाणार नाहीत. ओहोटीला पाणी लांब जातं आणि मागे जी ओली वाळू राहते ती खळ्यासारखी घट्ट असते. त्यावरून आमचे आजोबा वहाणा हातात घेऊन हर्णैपर्यंत जात.

सागरगोटी | सोमवार, रात्री १०:४४

जंजिऱ्याबद्दल डोक्यावर हात मारून घेतला. नवऱ्याला सांगितलं नाही, कारण जंजिऱ्याचं मीच काढलं होतं.

ओहोटी किती वाजता असेल ते महिनाभर आधी कसं कळणार? ॲप वगैरे आहे का?

आगरवाला | सोमवार, रात्री ११:०५

ॲपं आहेत. आमच्याकडे पंचांग आहे.

तिथीला पाऊणपट करा, जो आकडा येईल त्या वाजता भरती पुरी. चतुर्थीला तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा धरायचे, सव्वाअकरा. दिवसाचा आणि रात्रीचा आकडा साधारण एकच, आणि भरतीनंतर सहा-सव्वासहा तासांनी पाणी पार ओसरतं. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरा. माझी आजी कालवं काढायला खडकांवर जायची ती याच हिशेबावर. घड्याळ तिच्याकडे कधी नव्हतं.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग. तेव्हा भरती-ओहोटीत फरक कमी, समुद्र आळसावलेला.

तुमच्या शुक्रवारी तिथी कुठली?

सागरगोटी | सोमवार, रात्री ११:२०

कॅलेंडर काढायला उठले तेवढ्यात आतल्या खोलीतून आवाज आला: "त्रयोदशी." मी फोनवर मोठ्याने वाचत होते ते त्यांना ऐकू जात होतं. शुक्रवारी त्रयोदशी, शनिवारी चतुर्दशी, रविवारी पौर्णिमा.

म्हणजे तेरा पाऊणे... पावणेदहा?

आगरवाला | सोमवार, रात्री ११:२४

बरोबर. शुक्रवारी पावणेदहाला भरती, चार-साडेचारला पाणी तळाला. शनिवारी त्याच्या पाऊण तास पुढे, रविवारी आणखी पाऊण. तिन्ही संध्याकाळी तुमच्या. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

दशांश | मंगळवार, सकाळी ८:१०

हा पाऊणपटीचा नियम घरी ऐकला होता, पण एक खटकायचं. पौर्णिमेला सव्वाअकरा आणि लगेच प्रतिपदेला पाऊण वाजता? एका दिवसात दीड तासाची उडी?

काल रात्री कागदावर मांडलं. पंधरा तिथ्यांत भरतीची वेळ बारा तास सरकते आणि पुन्हा जागेवर येते. बारा तास भागिले पंधरा म्हणजे एका तिथीला ४८ मिनिटं. पाऊण तास ४५ मिनिटांचा. रोजची तीन मिनिटं कमी पडतात ती पंधरा दिवसांत पाऊण तास होतात आणि ती तूट प्रतिपदेला एकदम भरून निघते. नेमका गुणक तिथीच्या चार पंचमांश हवा. पण तोंडी करायला पाऊणकी सोपी, पाढे पाठ असत त्या लोकांना.

आणि गंमत बघा, ४८ मिनिटं म्हणजे बरोबर दोन घटका. भरती रोज दोन घटका उशिरा येते! घटिकापात्राच्या काळात हे सांगायला गुणाकाराचीसुद्धा गरज नसणार.

तर त्रयोदशीची भरती पावणेदहा ते साडेदहाच्या मध्ये कुठेतरी धरा.

चकली | मंगळवार, सकाळी ९:०२

वाखुसा (वाचनखूण साठवली). वरच्या दोन प्रतिसादांसाठी.

बोका४२ | मंगळवार, दुपारी १:१५

उधाणाचा विषय निघालाच आहे तर आमची अब्रू चव्हाट्यावर मांडतो. कुणाचा तरी फायदा होईल.

तीन वर्षांपूर्वी, याच पट्ट्यातला एक किनारा, पौर्णिमा, संध्याकाळचे साडेपाच. पाणी हे एवढं लांब. ओली वाळू डांबरी रस्त्यासारखी. मेहुण्याची नवी गाडी. चार गाड्या आधीच खाली फिरत होत्या. मेहुणा म्हणाला, फोटो काढू. गाडी पार पाण्याच्या कडेला नेली, मावळता सूर्य, दारं उघडी, गाणी. फोटो चांगले आले हे मान्य करायलाच हवं. मग सगळे चहा-भजी खायला वर गेलो. गाडी तिथेच.

सव्वासातला परतलो तेव्हा अंधार. पाणी चाकांना लागलं होतं. मेहुणा धावत जाऊन बसला, एक्सिलरेटर दाबला आणि गाडी पुढे जायच्या ऐवजी खाली गेली. घट्ट वाटणारी ती वाळू, पाणी शिरल्यावर शिऱ्यासारखी झाली होती. आम्ही पायपुसणी चाकांखाली घातली, चाकांनी ती मागे भिरकावली, एक माझ्या छातीवर बसलं. प्रत्येक लाट आली की चाकाच्या बाजूची वाळू खरवडून नेत होती. तुम्ही लाटेत उभं राहिल्यावर टाचेखालची वाळू सरकते ना, तसंच.

शेवटी गावातले आठ-दहा जण आणि ट्रॅक्टर. तोपर्यंत पाणी दाराच्या फटीतून आत. त्यातले एक काका पूर्ण वेळ एक शब्द बोलले नाहीत. दोर बांधला, गाडी ओढली, दोर सोडला आणि जाताना विचारलं, "आज तिथी कुठली?" कुणालाच माहीत नव्हती. काका मान हलवून गेले. त्याचा अर्थ आज, या धाग्यावर कळला.

गाडी आठ महिन्यांत विकली. खाऱ्या पाण्याने वायरिंग गेलं, सीटखालच्या पट्ट्या गंजल्या. किनाऱ्यावर गाडी नेऊ नका असा फलक होता. आम्ही त्याच्या शेजारीच चहा प्यायलो.

निवांत | मंगळवार, दुपारी १:४०

"फलकाच्या शेजारीच चहा" इथे फुटलो.

आगरवाला | मंगळवार, दुपारी २:२०

बोकोबा, ते काका मी नव्हे, पण ओळखीचे वाटतात. :)

माणसांचंही असंच होतं, म्हणून जरा गंभीर. उधाणाच्या दिवशी भरती अकरा-बाराला. लोक जेवतात, झोप काढतात, तीन-चारला पाण्यात उतरतात. भरती-ओहोटीच्या मधल्या तासांत पाणी सगळ्यात जोरात हलतं, म्हणजे नेमकं त्या वेळी ते बाहेर ओढत असतं. वर ऊन छान, लाटा लहान, बघणाऱ्याला काही कळत नाही. लाटेत खेळायचं तर पाणी चढतं असताना, तेही कमरेच्या आत. ओहोटीत वाळूवर चाला, किल्ले करा, पाय भिजवा. आणि खाडीचं तोंड जिथे समुद्राला मिळतं तिथे भरती असो ओहोटी असो, मुळीच उतरायचं नाही. आंजर्ल्याला जोग नदीचं मुख आहे, केळशीला भारजेचं. वरून शांत दिसतात.

तिरफळ | मंगळवार, संध्याकाळी ६:०५

जेवणाचं मी सांगते, माहेर तिकडचं आहे.

खाली किनाऱ्यावर घरगुती राहायची सोय बऱ्याच ठिकाणी असते, तिथे शाकाहारी जेवण उत्तम मिळतं. आदल्या दिवशी सांगून ठेवा, ऐनवेळी मागितलं तर बटाट्याची भाजी येईल. उकडीचे मोदक हवेत तर नक्कीच आधी सांगा. फेब्रुवारीत नशीब असेल तर ओल्या काजूची उसळ मिळायला लागलेली असते. नाहीतर कुळथाचं पिठलं, भात, पोह्याचा पापड, सोलकढी. सासूबाई खूश होतील. फक्त एक विचारा: स्वयंपाक एकाच भांड्यांत होतो का? काही घरांत वेगळी चूल, काहींत नाही. स्पष्ट विचारलं की कुणी रागावत नाही.

नवऱ्याला हर्णैला पाठवा. संध्याकाळी चारच्या पुढे बंदरात लिलाव असतो. बोटी लांब नांगरलेल्या, तिथून मासळी किनाऱ्यावर आणतात. बर्फ न् डिझेल न्यायला बैलगाड्या पाण्यात घातलेल्या मी लहानपणापासून बघतेय, बैल पोटापर्यंत पाण्यात आणि चेहरा असा की रोजचंच आहे. लिलाव घाऊक, आपल्याला त्यात पडायचं कारण नाही. बाजूला कोळणी बसतात त्या वाट्याने देतात. पहिला भाव ऐकून चेहरा पाडू नका आणि निम्म्याने मागून अपमानही करू नका. कल्ले बघावेत, लालभडक हवेत. पापलेटावर बोट दाबा, खळगा राहिला तर पुढे चला. सुरमईच्या मागे सगळे धावतात. त्या दिवशीचा ताजा बांगडा कधीही त्याहून बरा, हे माझं मत आणि मी ते बदलणार नाही.

सासूबाईंना मात्र हर्णैला नेऊ नका. वास.

डोंगरवाट | मंगळवार, रात्री ९:३०

कोणी सुवर्णदुर्गाबद्दल बोललंच नाही! इतर वेळी 'किल्ला तो किल्ला' म्हणणाऱ्यांशी मी भांडलो असतो.

हर्णैच्या समोरच, पाण्यात. शिवाजी महाराजांच्या आरमारातला, नंतर आंग्र्यांचा, १७५५ मध्ये कमोडोर जेम्सने तुळाजी आंग्र्यांकडून घेतला आणि त्यात पेशव्यांची इंग्रजांना साथ होती, हे वाचताना अजून जीभ कडू होते. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात जे बारा मराठा किल्ले गेले त्यात हा आहे. आत वस्ती नाही, झाडी माजलेली, तट मात्र अजून उभा. कातळ तासून त्यावर तट चढवलाय, जोड शोधत बसावं. महाद्वार किनाऱ्याकडून नीट दिसत नाही, अगदी जवळ गेल्यावर बुरुजाआडून समोर येतं.

मी गेलो तेव्हा गुडघाभर पाण्यात उडी मारून उतरावं लागलं होतं. आजींसाठी नाही. त्यांना हर्णैच्या कनकदुर्गाशी नेता येईल, दीपगृह आहे तिथे. थोड्या पायऱ्या आहेत. वरून सुवर्णदुर्ग आणि बंदर दोन्ही दिसतं. शेजारचा फत्तेगड वस्तीने भरून गेलाय, आणि गोवा किल्ला रस्त्यालगतच, तट बघून पुढे जाता येतं. चार किल्ले एका हाकेच्या अंतरात, आणि पर्यटक डॉल्फिन शोधत असतात.

चकली | मंगळवार, रात्री ९:४८

डॉल्फिन दिसतात का पण खरंच? की सगळे नुसते पैसे घेतात?

आगरवाला | मंगळवार, रात्री १०:१५

दिसतात. सकाळी लवकर, समुद्र सपाट असताना. सिनेमातल्यासारखी उडी मारत नाहीत. करडी पाठ वर येते, कणा वाकतो आणि गेली. तुम्ही मोबाईल काढेपर्यंत पाणी मिटलेलं असतं. होडीवाल्याला जवळ नेऊ नको सांगा, इंजीन घेऊन चार होड्या मागे लागल्या की तो कळप तिथून निघून जातो. जॅकेट घाला, लहानग्याच्या मापाचं आहे का ते होडीत बसायच्या आधी बघा.

सागरगोटी | बुधवार, सकाळी ७:५०

यादीतून आज सकाळी गुहागर, पन्हाळेकाजी आणि दाभोळ गेले. (दाभोळबद्दल नवऱ्याने निषेध नोंदवलाय. त्याला फेरीबोटीत गाडी चढवायची होती.) वेळास राहू द्यायचं का? मुलाला कासवं बघायची आहेत.

तिरफळ | बुधवार, सकाळी ८:३०

वेळाससाठी वेगळी फेरी करा. ते मंडणगड तालुक्यात, बाणकोटच्या अंगाला, तुमच्या मुक्कामापासून जाऊन-येऊन दिवस मोडतो. आणि पिल्लं केव्हा बाहेर येतील ते पिल्लं ठरवतात. ऑलिव्ह रिडले अंडी घालते, संरक्षित जागेत हलवलेली अंडी दीड-दोन महिन्यांनी फुटतात. फेब्रुवारीअखेर ते एप्रिल हा सुमार. सकाळ-संध्याकाळ टोपली उचलून बघतात. असली पिल्लं तर सोडतात, नसली तर तुम्ही समुद्र बघून परत. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावाला धरून हे काम उभं केलं, त्याआधी अंडी सर्रास खाल्ली जात. गावातच घरी राहायचं, केळीच्या पानावर जेवायचं, दोन दिवस वाट बघायची. सात वर्षांच्या मुलाला वाट बघणं जमतं का ते तुम्ही ठरवा.

आंजर्ल्यालाही कासवं असतात, तिथे चौकशी करून बघा. जवळ आहे.

दाभोळ सोडलंत याचं मला वाईट वाटलं. फेरी राहू दे, पण चंडिकेचं देऊळ. भुयारात आहे, आत विजेचा दिवा नाही, फक्त समया. पहिलं मिनिटभर काही म्हणजे काही दिसत नाही, माणूस भिंतीला हात लावून उभा राहतो. मग हळूहळू मूर्ती उमटते.

मुक्काम_पोस्ट | बुधवार, सकाळी ११:२०

बुकिंगबद्दल एक. 'सी टच', 'सी व्ह्यू', 'सी फेसिंग' ह्या तीन वेगळ्या जाती आहेत. आम्हाला एकाने 'सी व्ह्यू' म्हणून दिलेल्या खोलीत समुद्र दिसत होता, न्हाणीघराच्या खिडकीतून, बादली उलटी घालून वर चढल्यावर. मालकाला फोनवर सरळ विचारा: "खोलीतून पाण्यापर्यंत चालत किती मिनिटं आणि मध्ये पायऱ्या किती?" आजींसाठी दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा.

आणि दापोलीला 'मिनी महाबळेश्वर' म्हणणाऱ्यांवर विसंबून खाली किनाऱ्यावर स्वेटर नेऊ नका. दुपारी घामाच्या धारा लागतात.

डोंगरवाट | बुधवार, दुपारी १२:०५

अवांतर: मुरुडला राहणार असाल तर महर्षी कर्वे तिथले, हे मुलाला सांगा. जन्म शेरवलीचा, पण वाढले मुरुडला. शाळेची परीक्षा द्यायला हा मुलगा मुरुडहून साताऱ्याला पायी गेला, डोंगर चढून, आणि तिथे वयाने लहान दिसतो म्हणून परीक्षेला बसू दिलं नाही. तसाच परत. १९५८ मध्ये, शंभराव्या वर्षी, भारतरत्न. आपण ताम्हिणीत अर्धा तास अडकलो की धागा काढतो.

सागरगोटी | बुधवार, दुपारी १२:३०

ताम्हिणीचा धागा मीच काढला होता. हलके घेतले.

सागरगोटी | तीन आठवड्यांनी, मंगळवार, रात्री १०:१०

परत आलो. वृत्तांत द्यायचं कबूल केलं होतं म्हणून.

ताम्हिणी, माणगाव, म्हाप्रळ, मंडणगड असे गेलो. पोहोचायला अडीच वाजले, सासूबाई गाडीत बसून आखडल्या होत्या आणि आल्याआल्या म्हणाल्या, तुम्ही जा, मी पडवीत बसते. कर्द्याला मुक्काम, खोलीपासून वाळूपर्यंत चार पायऱ्या (विचारून घेतल्या होत्या, धन्यवाद मुक्काम_पोस्ट). साडेतीनला मी बळेबळे उठवलं. कोरड्या वाळूचा पट्टा साधारण वीस पावलांचा होता, तेवढा नवऱ्याने आणि मालकांच्या मुलाने दोन्ही बाजूंनी धरून पार केला. त्या पट्ट्यात काठी वीतभर आत जात होती.

आणि मग ओली वाळू. काठीचं टोक टेकलं तर फक्त रुपयाएवढा ठसा. सासूबाईंनी दोनदा ठोकून बघितलं, जमीन तपासतात तसं. मग म्हणाल्या, सोडा मला.

एकट्या चालल्या. पाणी खूप लांब होतं, तरी गेल्या. वाटेत त्या बारीक खेकड्यांनी केलेल्या वाळूच्या गोळ्या पसरल्या होत्या, मोहरीपासून वाटाण्याएवढ्या, प्रत्येक बिळाभोवती किरणांसारख्या. मुलगा त्यावरून धावत सुटला तर ओरडल्या, "रांगोळीवर पाय देऊ नये." तो दुसऱ्या क्षणी उकिडवा बसून खेकडा वर यायची वाट बघायला लागला. दहा मिनिटं गप्प. तिरफळताई, जमतं हो वाट बघणं.

पाण्यात घोट्यापर्यंत उभ्या राहिल्या. लाट परतताना टाचेखालची वाळू सरकली तशी माझा दंड घट्ट धरला आणि हसल्या. मी त्यांना तसं हसताना फारसं बघितलेलं नाही, त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

शनिवारी सकाळी आंजर्ले. पूल झाल्यामुळे हर्णैहून पटकन जाता येतं. कड्यावरच्या गणपतीला गाडी बरीच वर जाते. मूर्ती उजव्या सोंडेची. देवळामागच्या उंचवट्यावरून खाली माडांच्या शेंड्यांची गादी आणि पलीकडे सुवर्णदुर्ग दिसतो. भरतीची वेळ होती, किल्ल्याच्या तटाला पांढरी किनार लागली होती. कासवांची चौकशी केली, अजून वेळ होता. मुलाचा चेहरा पडला, पण देवळाच्या तळ्यातली कासवं दाखवून तात्पुरतं भागवलं.

आसूदला केशवराजाचं देऊळ यादीत नव्हतंच, मालकांनी सांगितलं. पोफळीच्या बागेतून वाट, ओढ्यावरचा साकव, मग पायऱ्या. सासूबाई साकवापर्यंत आल्या आणि तिथेच कट्ट्यावर बसल्या, पाण्याचा आवाज ऐकत. आम्ही वर जाऊन गोमुखाचं पाणी बाटलीत भरून आणलं.

संध्याकाळी नवरा हर्णैला. दीड तासाने बारा बांगडे घेऊन आला, माणसं तीन खाणारी. कल्ले लाल होते, तेवढी परीक्षा पास. तिरफळ म्हणतात तो बैलगाडीचा प्रकार त्याला दिसला नाही. वासामुळे मालकांनी त्याला मागच्या दाराने आत घेतलं.

फजिती एकच. रविवारी पौर्णिमा. मी हिशेब चोख करून सकाळी दहाला मुलाला पाण्यात नेलं, पाणी चढतं आहे, कमरेच्या आत, सगळं नियमाने. आम्हा दोघांच्या चपला, टॉवेल आणि माझा चष्मा मात्र ठेवला ओल्या वाळूवर. पाणी चढतं म्हणजे वर येतं, हा भाग डोक्यात शिरला नव्हता. टॉवेल सापडला, चपला तीन सापडल्या.

बोका४२ | मंगळवार, रात्री १०:२५

आमच्या पंथात स्वागत आहे. चष्मा गंजत नाही एवढं समाधान माना.

आगरवाला | मंगळवार, रात्री ११:००

चौथी चप्पल कुठल्या रंगाची? उद्या सकाळी ओहोटीला वाळूवर चक्कर असते माझी, बघतो. मुरुडच्या टोकाला बऱ्याचदा लागतात.

सागरगोटी | मंगळवार, रात्री ११:०४

निळी, डाव्या पायाची. सासूबाई विचारतायत, उद्या तृतीया, म्हणजे तुम्ही साडेआठच्या सुमारास जाणार का?

आगरवाला | मंगळवार, रात्री ११:०९

साडेआठलाच. यांना धाग्यावर आयडी काढून द्या.